तीनशेवा महिना

पहाटे पावणेसहाला लिंडनबर्गच्या बंबखान्यासमोर बावीस सायकली उभ्या होत्या आणि त्यातल्या एका सायकलीवर आपण बसलोय, हे लिओरा हॅकनबर्गला अजून खरं वाटत नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी ही पोरगी शाळेत खेळाच्या तासाला "पोटात दुखतंय" म्हणून नर्सच्या खोलीत जाऊन पडायची. नर्ससुद्धा कंटाळून शेवटी विचारायचीच नाही, नुसती पलंगाकडे बोट करायची. आणि आज ती पोरगी दोनशे किलोमीटर जाणार होती! मैल नव्हे बरं का, किलोमीटर. जन्मभर मैलांत बोलणारी ही माणसं सायकलीवर टांग टाकली की किलोमीटरांत बोलायला लागतात, त्याला कुणाचाच इलाज नाही.

या राईड्स लिओराची आई भरवायची. डिनीस तिचं नाव. बक्षीस नाही, पहिला नंबर नाही, टाळ्यासुद्धा आपल्या आपणच वाजवायच्या. दोनशेला साडेतेरा तास. तेवढ्यात परत यायचं आणि आपण खरोखर ठरल्या वाटेनंच गेलो याचा पुरावा पुठ्ठ्याच्या कार्डावर आणायचा. वाटेत ठाणी असतात. दुकान असलं तर दुकानदार वेळ टाकून सही करतो. दुकान नसलं तर कार्डावर एक प्रश्न छापलेला असतो, ज्याचं उत्तर तिथं जाऊन उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. चर्चच्या दाराला बिजागऱ्या किती, असलं काहीतरी. साडेतेरा तासांवर एक मिनिट झालं किंवा एक उत्तर चुकलं, की ती राईड झालीच नाही. मग तुम्ही कुणी का असेना.

आणि आज 'कुणी का असेना' म्हणजे हार्लन ड्रायबेलबिस होते.

त्यांना सगळे पॅपी म्हणायचे. खरं तर त्यांना नातवंडं सोडाच, मुलंही नव्हती. वय सत्त्याहत्तर, अंगकाठी कापणी झाल्यावर शेतात चुकून उभ्या राहिलेल्या मक्याच्या ताटासारखी. पॅपींनी दर महिन्याला एक दोनशे केली होती. दर महिन्याला म्हणजे दर महिन्याला! हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा एक तारखेला राईड करून दोन तारखेला टेबलावर झोपले. बायको, एल्डा, गेली त्या फेब्रुवारीत शेवटच्या दिवशी बर्फातून गेले. कुणाशी बोलले नाहीत, पण गेले. असे दोनशे नव्व्याण्णव महिने झाले होते, एकही खाडा नाही. एक महिना चुकला की मोजणी पुन्हा एकपासून, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी पुन्हा एकपासून म्हणजे काय, ते कुणी बोलून दाखवत नव्हतं. थँक्सगिव्हिंगनंतरचा हा शनिवार या महिन्यातली शेवटची राईड होती. आज झाली तर तीनशे. नाही झाली तर काहीच नाही.

"कप्तान!" पॅपींनी हाक मारली. लिओराला ते असंच म्हणायचे. "कार्डं तुझ्याकडे ठेव. माझ्या खिशांना भोकं आहेत."

"तुमच्या डोक्यालाही आहेत," लिओरा म्हणाली. जूनमध्ये ती असं बोलली नसती. जूनमध्ये ती कुणाशीच काही बोलत नव्हती. पॅपींनीच डिनीसला सांगितलं होतं, "तुझी पोरगी दर शनिवारी टेबलामागं बसून शिक्के मारते. माझ्याकडे दे तिला." मग उन्हाळाभर त्यांनी तिला चढ शिकवले. श्वास कसा धरायचा, गिअर कधी टाकायचा, आणि आपल्याला जमणार नाही असं वाटलं की मोठ्यानं शिवी कशी द्यायची. सप्टेंबरात त्यांनी तिला एक नारिंगी जॅकेट आणून दिलं. इतकं नारिंगी, की शाळेच्या पार्किंगमधून घालून गेली तेव्हा पोरांनी गॉगल लावायची नक्कल केली. "आजपासून पुढं तू राहायचं," पॅपी म्हणाले होते. "तुझी चाल घड्याळासारखी आहे. मी मागून येईन."

पुढं मी! पंचवीस वर्षं दर महिना काढणारा माणूस म्हणतोय की चाल तुझी, मी मागून येतो! लिओराला ते जॅकेट धुवायचीही भीती वाटायची.

सहाच्या ठोक्याला डिनीस म्हणाली, "निघा," आणि बावीस दिवे रस्त्यावर आले.

पहिल्याच चढावर बाकीचे वीस जण पुढं गेले. त्यातला एक जण जाता जाता ओरडला, "काय पॅपी, डिसेंबरचीही यातच उरकणार का?"

"तू पुढं जा आणि माझ्यासाठी सूप गरम करून ठेव!" पॅपी मागून ओरडले.

उजाडलं तसं दोन्ही बाजूंची शेतं दिसायला लागली. कापलेल्या मक्याचे खुंट, त्यावर पांढरं दहिवर, लांब टेकडीमागं लाल कोठारं. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस, त्यामुळं जंगलाच्या कडेला पिकअप गाड्या लागलेल्या आणि अधूनमधून लांबवर एक 'ठो' ऐकू यायचा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लिओराला हाच तर रस्ता आवडायचा. वाटेत जुन्या लोखंडाच्या भट्टीचा दगडी मनोरा होता, गवतात बुडालेला. बाजूला सरकारी निळी पाटी.

"वाच," पॅपी मागून म्हणाले. "मोठ्यानं वाच, श्वासाला सराव होतो."

तिनं पेडल मारत मारत वाचलं. या भट्टीत स्वातंत्र्ययुद्धासाठी तोफगोळे ओतले गेले, वगैरे वगैरे. पॅपींनी पुढची ओळ तिच्याआधीच म्हटली.

"पाठ आहे तर मला कशाला वाचायला लावता?"

"तुला पाठ व्हावं म्हणून. आता डावीकडे वळण, मग उतार, उतार संपला की जर्मन दफनभूमी."

आणि तसंच! उतार संपला आणि भुऱ्या दगडांच्या कबरी आल्या, ज्यांच्यावरची अक्षरं पावसानं पुसून दगड पुन्हा नुसते दगड झाले होते. या माणसाच्या डोक्यात रस्ता गुंडाळून ठेवलाय, लिओराला वाटलं. बाकीचे हँडलला कागद लावून वळणं बघत जातात, पॅपींच्या हँडलला नुसती घंटी होती.

रस्त्यात खड्डा आला की पुढच्यानं हातानं खूण करायची असा सगळीकडे नियम. पॅपींचा नियम वेगळा. "हात नको दाखवू, हँडल सुटतं. तोंडानं ओरड." लिओराला ओरडायला काय, नर्सच्या खोलीत सोळा वर्षं साठवलेला आवाज होता तिच्याकडे. "खड्डा डावीकडे! खडी! मेलेलं रकून, पॅपी, बघू नका!"

एका शेताच्या फाटकाशी कुणीतरी टपालपेटीला शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट चढवलं होतं. पॅपींनी जाताना हात उंचावून "शुभ सकाळ, लागलं का काही?" असं त्या टपालपेटीला विचारलं. लिओरा इतकी हसली की तिचा पाय पेडलवरून सुटला. पॅपी दोन क्षण गप्प राहिले, मग तेही हसले.

दुपारी टर्कीचं सँडविच चालत्या सायकलीवरच खाल्लं. थांबायला वेळ नव्हता. पॅपींचा वेग गेल्या वर्षीपेक्षा कमी झाला होता आणि लिओरा आपल्या घड्याळावर सारखं गणित करत होती. तासाला पंधरा किलोमीटर ठेवले तर जमतं. चौदा झाले तर नाही जमत. इतकं सोपं गणित शाळेत कधी आलं नाही आणि इतकं घाबरवणारंही नाही.

एकशे एकतिसाव्या किलोमीटरला झीगलरचा पूल आला. हा छप्पर घातलेला लाकडी पूल, लांबून गुरांच्या गोठ्यासारखा दिसणारा. आत शिरलं की फळ्या खडखडतात आणि खाली ओढ्याचं पाणी फटीफटीतून चमकतं. दुकान नाही, माणूस नाही. इथं कार्डावर प्रश्न होता: पुलाच्या तोंडावरच्या पाटीवर कोणतं साल आहे? प्रश्न पॅपींनीच घातलेला, पंचवीस वर्षांपूर्वी, जेव्हा हा रस्ता त्यांनीच आखून दिला होता. डिनीसनं तो तसाच ठेवला होता.

"माझं कार्ड दे," पॅपी म्हणाले. पेन्सिल घेतली, कार्ड सीटवर ठेवलं, लिहिलं, घडी घालून परत दिलं. पाच सेकंद. मग पुलाच्या खांबाआड लघवीला गेले.

लिओरा पाटीखाली उभी राहिली. पाटी नवी होती, पांढऱ्यावर काळी अक्षरं, रंगाचा वास अजून गेला नव्हता इतकी नवी. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं, की जिल्ह्याच्या इतिहास मंडळाला सुतारांचा मूळ करारनामा सापडला आणि त्यावरून साल दुरुस्त केलं आहे. तिनं आपल्या कार्डावर लिहिलं: 1868. दोन्ही कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि घड्याळ बघितलं.

"चला, चला, चला!"

"चाललोय, कप्तान. म्हाताऱ्याला मुतू तरी देशील की नाही?"

पुढचं ठाणं नऊ किलोमीटरवर, चौकातलं किराणा-पेट्रोलचं दुकान. तीन वाजून वीस मिनिटांनी ते तिथं पोचले. साठ किलोमीटर राहिले होते आणि चार तास दहा मिनिटं. दहा मिनिटं जास्तीची! लिओरा आत पळाली. काउंटरवर ट्रुडी होती, जी गेली कितीतरी वर्षं या लोकांच्या कार्डांवर सह्या करत आली होती आणि तरी प्रत्येक वेळी विचारायची, "तुम्हाला गाड्या परवडत नाहीत का?"

"पॅपींची तीनशेवी आहे आज," लिओरा म्हणाली.

"म्हणजे तीनशे वेळा मी त्या माणसाला माझं स्नानगृह वापरू दिलंय," ट्रुडी म्हणाली आणि दोन्ही कार्डं उघडून शेजारी शेजारी ठेवली.

तेव्हा लिओराला दिसलं. तिच्या कार्डावर 1868. पॅपींच्या कार्डावर, मोठ्या मोठ्या तिरक्या आकड्यांत, 1866.

जुन्या पाटीवर सहासष्ट होतं. पंचवीस वर्षं सहासष्ट होतं.

ट्रुडीनं सह्या केल्या, वेळ टाकली, आणि "पळ आता" म्हणाली. लिओरा पळाली नाही, चालत बाहेर आली. पॅपी भिंतीशी लावलेल्या बाकावर बसले होते, गॅसच्या सिलिंडरांच्या पिंजऱ्याशेजारी, तोंड रस्त्याकडे.

"पॅपी, पुलावर तुम्ही वाचलंत ना?"

"काय?"

"पाटी."

"मी घातलेला प्रश्न आहे तो."

"पाटी नवी आहे. साल बदललंय. अडुसष्ट." तिला वाटलं ते दचकतील, स्वतःच्याच डोक्यावर चापट मारतील. ते रस्त्याकडेच बघत राहिले. "मोठी पाटी आहे, पॅपी. पांढरी. ओढ्यापलीकडून दिसते."

पॅपींनी हातमोजे काढले. एक एक बोट ओढत, सावकाश.

"मधोमध भोक पडलंय," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. कडेकडेचं दिसतं. तुझ्याकडे सरळ बघितलं की तू नसतेस. तुझ्या बाजूला बघितलं की थोडीशी असतेस."

"कधीपासून?"

"मार्च. डॉक्टर म्हणतो, यापुढं कमीच होत जाणार. थांबवायचं औषध असतं, पण ते या आजाराच्या दुसऱ्या प्रकाराला, माझ्या नाही."

लिओराला एकदम टपालपेटी आठवली. "हात नको दाखवू, तोंडानं ओरड" आठवलं. मग तिनं आपल्या अंगावर बघितलं, त्या नारिंगीकडे.

"म्हणजे मला पुढं ठेवलंत ते..."

पॅपींनी हातमोजे एकावर एक मांडीवर ठेवले.

"माझी चाल चांगली आहे म्हणून नाही?"

"चाल बरी आहे तुझी," पॅपी म्हणाले.

बरी! सप्टेंबरपासून घड्याळासारखी होती, आणि आता बरी. लिओराला ओरडायचं होतं, पण उन्हाळाभर शिकलेला तो आवाज नेमका आता कुठं गेला कोण जाणे. तिनं मुकाट्यानं पिशवीतून पॅपींचं कार्ड काढलं.

"सहाचा आठ होतो," ती म्हणाली. "वरच्या दांडीला वाटोळं जोडलं की झालं. मी करते. आई बघणारसुद्धा नाही."

"तू नको."

"एका सेकंदाचं काम आहे!"

"तुझ्या हातून नको, म्हटलं ना." पॅपींनी हात पुढं केला. "पेन्सिल दे."

तिनं दिली. ती मनातल्या मनात नाचलीच जवळजवळ. करतायत! पंचवीस वर्षांत एक चुकीचं मिनिट न लिहिलेला माणूस तिच्यासमोर लबाडी करणार होता आणि ती त्याला मनापासून म्हणत होती, करा, लवकर करा, आठ मिनिटं उरलीयत. पॅपींनी कार्ड गुडघ्यावर ठेवलं. मान वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, एकदा या डोळ्यानं, एकदा त्या. कार्ड जवळ घेतलं, लांब नेलं, उजेडाकडे तिरकं केलं. त्यांचा अंगठा कार्डाच्या कडेवरून ओळी मोजत खाली गेला, एक, दोन, तीन, चार. मग त्यांनी पेन्सिल टेकवली आणि एक छोटंसं, नीट, जपून वाटोळं काढलं.

"झालं?"

लिओरा त्या वाटोळ्याकडे बघत राहिली.

"झालं का, विचारतोय."

"नाही, पॅपी."

"कुठं पडलं?"

"तुमच्या नावावर."

त्यांनी पुन्हा पेन्सिल उचलली. हात कार्डावर थोडा वेळ नुसताच तरंगत राहिला, मग त्यांनी ती बाकावर ठेवली. ती घरंगळत खाली गेली, कुणी उचलली नाही. रस्त्यावरून एक पिकअप गेली, मागं हरिण बांधलेलं, चार पाय वर.

"चला ना," लिओरा म्हणाली. "आपण जाऊ तरी. वेळेत पोचू. आईला सगळं सांगू, ती समजून घेईल."

"डिनीस समजून घेईल. घेईलच. सगळे घेतील. मग ते तीनशे त्यांनी दिलेले होतील, माझे नाही." पॅपींनी डोळे चोळले, जणू तेवढ्यानं काही पुसलं जाणार होतं. "आणि पोरी, साडेचारला सूर्य जातो. वाटलं होतं, तुझा मागचा लाल दिवा धरून येईन. ऑक्टोबरात दिसत होता. सकाळी निघताना बघितला, तर नाही दिसला. पहिला तासभर तुझ्या चेनच्या आवाजावर आलोय मी."

आज सकाळी तिला किती आनंद झाला होता, त्या अंधाऱ्या पहिल्या तासात! मागं पॅपी आहेत म्हणून. ती गाणंसुद्धा म्हणत होती. चेन ऐकू न येण्याइतक्या मोठ्यानं म्हटलं असतं तर?

"तू जा," पॅपी म्हणाले. "तुझं कार्ड बरोबर आहे. पहिली दोनशे आहे तुझी. सहा मिनिटं आहेत अजून हातात."

लिओरानं रस्त्याकडे बघितलं. खोटं कशाला सांगा, बघितलं. चौकातून पुढं सरळ चढ होता, तिला येणारा चढ. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं आणि वर टोकाला एका पडक्या शाळेचं धुरांडं. ती एकटी गेली असती तर तासाला वीसनं गेली असती. मग तिनं फोन काढला.

"पंक्चर?" डिनीसनं उचलल्या उचलल्या विचारलं.

"नाही."

"पॅपी पडले?"

"नाही, आई. पॅपींना दिसत नाही."

पलीकडे बंबखान्यात कुणीतरी खुर्च्या मांडत होतं, त्यांचा आवाज येत राहिला.

"दिसत नाही म्हणजे? कधीपासून?"

"मार्चपासून."

"मार्च," डिनीस म्हणाली. "एप्रिल, मे, जून..." आणि मध्येच थांबली. दर महिन्याला तिनंच त्यांना 'निघा' म्हटलं होतं. "आणि तुझ्या मागं ठेवलं मी त्यांना. तुला पुढं." मग तिचा आवाज कोरडा झाला. "तिथंच बसा. व्हॅन घेऊन येते."

व्हॅन त्यांना घेऊन बंबखान्याकडे निघाली. सायकली मागं एकमेकींवर आपटत राहिल्या.

बंबखान्यात दिवे लागले होते. व्हॅनचं दार उघडल्याबरोबर आत बसलेल्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, डिनीस केकचं सामान घेऊन आली आणि पॅपी मागून येतायत. मग पॅपीच व्हॅनमधून उतरलेले बघून टाळ्या एकेक करून बंद झाल्या. टेबलावर चौकोनी केक होता, त्यावर निळ्या साखरेत 300. ट्रेच्या कडेला सूपचं भांडं वाफाळत होतं. एका बाईनं केकवर घाईघाईनं ॲल्युमिनियमचा कागद ओढला. कागद 300 ला चिकटला.

पॅपी खुर्चीवर बसले. कुणीतरी सूप दिलं. त्यांनी चमचा शोधला, तो पहिल्यांदा सापडला नाही, आणि आता तो न सापडताना खोलीतले सगळेच बघत होते.

डिनीसनं त्यांचं कार्ड घेतलं. नावावरचं ते वाटोळं तिनं बराच वेळ बघितलं आणि कार्ड पेटीत वेगळ्या बाजूला घातलं. लिओराचंही त्याच बाजूला गेलं. मग ती पॅपींसमोर बसली.

"पॅपी, सकाळी इथं आलात कसे?"

"नेहमीसारखा."

"पिकअप घेऊन?"

"मग काय बारा मैल चालत येऊ?"

कुणी हसलं नाही. पॅपींनीच खाली बघितलं. "पहाटे रस्त्यावर कुणी नसतं. कडेची पांढरी रेघ दिसते. हळू येतो मी."

"किल्ली द्या."

"डिनीस."

"किल्ली द्या, पॅपी."

"दूध आणायला सहा मैल आहे मला."

"माहीत आहे."

"चर्च नऊ मैल."

"माहीत आहे मला."

"एल्डाची कबर चर्चलाच आहे."

डिनीसनं हात मागं घेतला नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण हात तसाच टेबलावर होता, तळवा वर. पॅपींनी खिशात हात घातला. भोकं असलेल्या खिशातून किल्ली बरोबर निघाली. ती त्यांनी पुढं केली, डिनीसच्या हातापासून वीतभर बाजूला, आणि डिनीसला हात सरकवून ती घ्यावी लागली.

लिओराला ऑक्टोबरातच लायसन्स मिळालं होतं. पॅपींची पिकअप तिनं चालवायची आणि आईनं मागून यायचं, असं ठरलं. एरवी तिनं यासाठी जीव टाकला असता. एवढी मोठी पिकअप! तिनं सीट पुढं ओढली, आरसा खाली केला. पॅपी शेजारी बसले होते, पट्टा लावून, मांडीवर हात ठेवून. सायकल मागं आडवी टाकलेली. ती त्यांनी स्वतः बांधली होती, हातांनी चाचपून, आणि गाठ पक्की होती.

शेतं काळी झाली होती. पुढच्या दिव्यांत रस्त्याची कडेची रेघ येत होती आणि जात होती. लिओरा काहीतरी बोलायचं शोधत होती. ती आजकाल बोलायला कधी अडत नसे. 'जानेवारीत दोन सीटांच्या टँडम सायकलीवर जाऊ, मी पुढं, तुम्ही मागं, पुन्हा एकपासून मोजू' हे तिच्या ओठांवर आलं. मग तिनं मनात मोजलं. तीनशे महिने म्हणजे पंचवीस वर्षं, सत्त्याहत्तर अधिक पंचवीस. 

एका तिठ्यावर तिनं गाडी थांबवली. पॅपींच्या घरी ती नेहमी सायकलीनं गेली होती, ओढ्याकाठच्या वाटेनं. गाडीचा रस्ता तिला ठाऊक नव्हता.

"पॅपी, डावीकडे की उजवीकडे?"

"पाटी असेल."

"आहे. दोन नावं आहेत. मला दोन्ही माहीत नाहीत." तिनं वाचून दाखवली.

पॅपींनी तोंड खिडकीकडे वळवलं. काचेत त्यांचंच तोंड होतं, ते त्यांना दिसत होतं की नाही कोण जाणे.

"कुठंही वळव," ते म्हणाले.

लिओरा थांबून राहिली. मागून आईच्या गाडीचे दिवे आले आणि तेही थांबले.